बॅटरी नाही, दोरी नाही, किक नाही... चावी दिली की इंजिन सुरू! स्प्रिंग स्टार्टर चालतो तरी कसा?



मागच्या महिन्यात एका मित्राने मला एक रील पाठवलं. एक परदेशी आजोबा गवत कापायच्या जुन्या मशीनवरचं छोटं हँडल कर्र कर्र कर्र असं सात-आठ फेरे फिरवतात, अगदी जुन्या टेबल घड्याळाला चावी द्यावी तसं. मग बाजूची एक कळ सरकवतात आणि खटकन आवाज होऊन इंजिन धडधडायला लागतं. कमेंटमध्ये अर्ध्या लोकांनी 'फेक आहे' लिहिलं होतं, उरलेल्या अर्ध्यांनी 'मग हे गाड्यांना का लावत नाहीत? बॅटरी कंपन्यांनी दाबून टाकलं असणार' असं. मित्राचा मला प्रश्न, "तू मेकॅनिकलवाला ना? सांग, खरं की खोटं?"

मी मेकॅनिकलची डिग्री घेतली आणि पोट भरतो कोड लिहून. आमच्या बॅचच्या अर्ध्या पोरांची हीच गोष्ट आहे. पण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, कारण अशाच एका स्प्रिंगने माझ्या उजव्या हाताला चार टाके पाडलेत. तो किस्सा पुढे सांगतो. आधी उत्तर: रील खरं आहे. असे स्टार्टर लाखो घरांच्या अंगणात नसतील कदाचित, पण दुकानात सरळ विकत मिळायचे. ते कोणी दाबून टाकलेले नाहीत, आणि पूर्ण संपलेलेही नाहीत. काही ठिकाणी तर आजही माणसांचा जीव त्यांच्यावर अवलंबून असतो.

इंजिनला 'धक्का' लागतोच कशाला?

फोनचं बटण दाबलं की फोन सुरू होतो, कारण बॅटरीत वीज आधीपासून तयार असते. इंजिनचं तसं नाही. टाकी पेट्रोलने भरलेली असली तरी इंजिन स्वतःहून काहीच करू शकत नाही.

चार स्ट्रोकचं इंजिन घ्या. पहिल्या स्ट्रोकला पिस्टन खाली जातो आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढतो. दुसऱ्याला वर येऊन ते दाबतो. तिसऱ्याला ठिणगी पडते, मिश्रण जळतं आणि पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. चौथ्याला धूर बाहेर. यात ताकद मिळते फक्त तिसऱ्या स्ट्रोकला. पण तिथपर्यंत पोचायला पहिले दोन स्ट्रोक कोणीतरी करून द्यावे लागतात. इंजिन चालू असताना ते काम फ्लायव्हील, म्हणजे जड चाक, आपल्या गतीच्या जोरावर करतं. बंद असताना ते काम आपल्यालाच करावं लागतं.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. कॉम्प्युटर सुरू होताना आधी एक चिमुकला प्रोग्राम चालतो, जो मोठ्या ऑपरेटिंग सिस्टिमला उठवतो आणि बाजूला होतो. स्टार्टर म्हणजे इंजिनचा बूटलोडर. त्याचं काम दोन-तीन सेकंदांचं, पण त्याच्याशिवाय बाकी सगळं ठप्प.

आता दोन अडचणी. पहिली म्हणजे दाब. छोटं पेट्रोल इंजिन मिश्रणाला साधारण आठ-नऊ पट दाबतं. डिझेल इंजिनमध्ये स्पार्क प्लग नसतो, हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेटेल, म्हणून तिथे दाब १७ ते २० पटीच्या आसपास. पिस्टन वरच्या टोकाला यायला लागला की हँडल किंवा किक दगडासारखी घट्ट होते ती यामुळेच.

दुसरी अडचण बरेच जण विसरतात, ती म्हणजे वेग. छोट्या पेट्रोल इंजिनमध्ये बहुतेक वेळा बॅटरी नसते. फ्लायव्हीलमध्ये चुंबक बसवलेला असतो, तो तारेच्या गुंडाळीसमोरून सप्पकन गेला की वीज तयार होते आणि प्लगला ठिणगी पडते. दहावीच्या विज्ञानात फॅरेडेचा नियम शिकलो होतो, तोच. चुंबक हळू गेला तर व्होल्टेज कमी, ठिणगी नाहीच. म्हणजे तुम्ही फ्लायव्हील हाताने सावकाश दिवसभर फिरवत बसलात तरी इंजिन सुरू होणार नाही. दोन-चारच फेरे द्या, पण झटक्यात द्या.

झटका हा शब्द लक्षात ठेवा. सगळा लेख त्याच्यावर आहे.

आधी एक गोंधळ दूर करू

"दोरीच्या स्टार्टरमध्ये पण स्प्रिंग असते की!" असं कोणीतरी म्हणणारच. बरोबर आहे. पॉवर वीडर, ब्रश कटर, फवारणीचा पंप, लहान जनरेटर यांची दोरी ओढतो तो रिकॉइल स्टार्टर. कव्हरच्या आत एक पुली, तिच्यावर गुंडाळलेली दोरी आणि तिच्या खाली घड्याळासारखी चपटी गुंडाळलेली स्प्रिंग.

पण ही स्प्रिंग इंजिन सुरू करत नाही. इंजिन तुमचा दंड सुरू करतो. स्प्रिंगचं काम एवढंच, की तुम्ही हात सैल सोडला की दोरी परत आत गुंडाळायची. बाइकच्या किकलाही स्प्रिंग असते, ती किक परत वर आणते, इंजिन फिरवत नाही. तसंच हे.

हात किती काम करतो ते बघा. पुलीची त्रिज्या साडेचार सेंटिमीटर धरली तर एक फेरा म्हणजे साधारण २८ सेंटिमीटर दोरी. एक मीटर ओढली की साडेतीन फेरे. हे अर्ध्या सेकंदात झालं तर मिनिटाला ४२० फेऱ्यांचा वेग. छोट्या इंजिनला तेवढा बास होतो. पण हा झटका देणं सगळ्यांना जमत नाही. खांदा दुखणारा माणूस, वयस्कर माणूस, कमी ताकदीचा माणूस दोरी ओढतो खरा, पण सावकाश. आणि सावकाश ओढणं म्हणजे न ओढणंच.

खरा स्प्रिंग स्टार्टर नेमकी हीच गरज भागवतो. ताकद तुमचीच, पण ती आरामात, थोडी थोडी करून साठवायची, आणि नंतर एकदम सोडायची.

चावीचं इंजिन

असे स्टार्टर सगळ्यात जास्त दिसले ते १९६० च्या दशकात, अमेरिकेत. तिथे घरोघरी लॉन, प्रत्येक लॉनला गवत कापायचं मशीन, आणि त्यातल्या खूप मशीनवर विस्कॉन्सिन राज्यातल्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचं छोटं इंजिन. या कंपनीने इंजिनच्या माथ्यावर चावीचा स्टार्टर बसवला. इतर कंपन्यांनीही आणले.

आतली रचना समजायला सोपी आहे. एका मजबूत डब्यात पोलादाची रुंद, जाड पट्टी गुंडाळून ठेवलेली असते. रिकॉइलमधल्या स्प्रिंगचीच जात, पण अंगाने कितीतरी दांडगी. हँडल फिरवलं की पट्टी आवळत जाते. प्रत्येक थोड्या फेऱ्याला एक खिटी दात्यात अडकते, त्याचाच तो कर्र कर्र आवाज. खिटीमुळे हँडल सोडलं तरी ते उलटं फिरत नाही. स्प्रिंग भरली की कुठे कळ, कुठे बटण असतं, ते सरकवलं की अडवणारा भाग बाजूला होतो आणि सगळी ताकद क्रँकशाफ्टवर येते.

मधे एक अशी क्लच लागते जी फक्त एका दिशेने पकडते. नाहीतर इंजिन सुरू झाल्यावर तेच स्प्रिंगला फिरवायला लागेल आणि सगळ्याचे तुकडे होतील. ब्रिग्जच्या इंजिनमध्ये यासाठी एक साधी युक्ती होती. क्लचच्या घरात छोट्या पोलादी गोळ्या, मधे दाते असलेला तुकडा. इंजिन थांबलेलं असताना गोळ्या दात्यात अडकतात आणि स्टार्टरची ताकद पुढे जाते. इंजिनने वेग घेतला की गोळ्या फिरण्याच्या जोराने बाहेर फेकल्या जातात, पकड सुटते. ना सेन्सर, ना वायरिंग. मला विचाराल तर संपूर्ण स्टार्टरमधला सगळ्यात देखणा भाग हाच आहे.

आता थोडा हिशेब, फोनच्या भाषेत

चावीत किती ऊर्जा साठते? मी सोपा अंदाज करतो. हँडल १० सेंटिमीटरचं, शेवटच्या फेऱ्याला १० किलो वजनाएवढा जोर लागतो, एकूण फेरे ६. स्प्रिंग सुरुवातीला सैल आणि शेवटी घट्ट असल्याने सरासरी जोर अर्धा धरू. उत्तर येतं साधारण १९० ज्यूल. म्हणजे पाण्याचा २० लिटरचा जार जमिनीपासून जवळजवळ एक मीटर वर उचलायला लागते तेवढी ऊर्जा.

तुमच्या हातातल्या फोनची ५००० एमएएचची बॅटरी घ्या. तिच्यात सुमारे ६९,००० ज्यूल असतात. म्हणजे फोनची बॅटरी फक्त १ टक्का उतरते, तेवढ्यात ही चावी साडेतीन वेळा भरली असती! वजनाचा हिशेब केला तर आणखी लाज वाटेल. एक किलो लिथियम आयन बॅटरीत सात लाखांच्या आसपास ज्यूल मावतात. एक किलो पोलादी स्प्रिंगमध्ये दीड-दोनशे.

मग स्प्रिंग कशाला वापरायची? कारण इथे प्रश्न 'किती' चा नाही, 'किती पटकन' चा आहे. ते १९० ज्यूल अर्ध्या सेकंदात बाहेर आले तर ३८० वॅट झाले, म्हणजे अर्धा हॉर्सपॉवर. गेम खेळताना फोन गरम होतो तेव्हाही तो पाच-दहा वॅटच खात असतो. ऊर्जा आणि पॉवर या दोन शब्दांची आपण सर्रास अदलाबदल करतो, पण स्टार्टर समजून घ्यायचा तर हा फरक डोक्यात पक्का पाहिजे. टाकीत पाणी किती आहे ही एक गोष्ट, नळ किती मोठा आहे ही दुसरी. स्प्रिंग म्हणजे तांब्याभर पाणी, पण नळ बंबाचा.

आणि हो, गाड्यांना हे का लावत नाहीत याचंही उत्तर यातच आहे. गाडीचं इंजिन मोठं, चार सिलिंडरचं. ते फिरवायला लागणारी स्प्रिंग काही किलोंची होईल, आणि ती प्रत्येक सिग्नलला भरायची कोणी? कॅडिलॅकने १९१२ च्या मॉडेलमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर दिला, तेव्हाच गाड्यांपुरता हा प्रश्न सुटला होता. बॅटरी कंपन्यांनी काहीही दाबलेलं नाही.

मग चावी गेली कुठे?

पहिलं कारण म्हणजे स्प्रिंगचा स्वभाव. ती सुटते तेव्हा सुरुवातीला जोर सगळ्यात जास्त आणि शेवटाला सगळ्यात कमी. इंजिनला मात्र जोर लागतो तो पिस्टन वर येताना. पहिला दाब पार झाला, दुसराही झाला, पण इंजिनने पेट घेतला नाही तर तिसऱ्या दाबापाशी स्प्रिंग दमते आणि थांबते. माणूस दोरी ओढतो तेव्हा अडतंय असं वाटलं की आपोआप जास्त जोर लावतो. स्प्रिंगला ते कळत नाही.

थंडीतलं इंजिन किंवा पेट्रोलने प्लग भिजलेलं इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होत नाही. दोरी असेल तर पाच सेकंदांत पाच वेळा ओढता येते. चावी असेल तर प्रत्येक प्रयत्नाला पुन्हा सहा फेरे. दहाव्या प्रयत्नाला माणूस मशीनला लाथ घालतो.

दुसरं म्हणजे दोरीच सोपी झाली. इंजिनवाल्यांनी व्हॉल्व्हच्या रचनेत छोटा बदल केला. सुरू करताना, कमी वेगात, दाबाच्या स्ट्रोकला एक व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो आणि थोडी हवा निसटू देतो. दाब कमी, दोरी हलकी. आपल्याकडच्या शेतातल्या जुन्या डिझेल इंजिनला हँडल मारताना वरची कळ उचलून धरतात आणि वेग आला की सोडतात, त्याच कल्पनेचं हे आपोआप चालणारं रूप.

आणि तिसरं कारण, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: भरलेली स्प्रिंग बाहेरून ओळखता येत नाही.

भरलेली स्प्रिंग म्हणजे लोड केलेली बंदूक

गवत कापायच्या त्या मशीनमध्ये पातं थेट क्रँकशाफ्टला बसवलेलं असतं. मधे काहीही नाही. समजा तुम्ही चावी भरली, कळ सोडली, पण ओल्या गवताचा गोळा पात्यात अडकला होता, म्हणून पातं फिरलंच नाही. तुम्हाला वाटलं स्टार्टर बिघडला. खाली वाकलात आणि हाताने गवत काढायला लागलात. गवत सुटलं त्या क्षणी स्प्रिंगमधले सगळे ज्यूल पात्यात. इंजिन बंद, पेट्रोल बंद, प्लगची वायरही काढलेली, तरी पातं फिरणार. प्लगची वायर काढली की मशीन सुरक्षित, ही आपली नेहमीची सवय इथे साफ फसवते.

अमेरिकेत ३० जून १९८२ पासून नियम आला, की हाताने ढकलायच्या मशीनचा दांडा सोडला की पातं ३ सेकंदांत थांबलंच पाहिजे. चावीचा काळ तोपर्यंत ओसरत आलेला होता. पण जुनी मशीन आजही भंगारात, परदेशातल्या गॅरेज सेलमध्ये, रील बनवणाऱ्यांच्या अंगणात फिरताहेत. तुमच्यापैकी कोणी परदेशात शिकायला असेल आणि असं स्वस्तातलं जुनं मशीन हाती लागलं, तर माथ्यावरचं हँडल बघून आधी एकच प्रश्न विचारा: याची चावी भरलेली आहे का? उत्तर माहीत नसेल तर भरलेली आहे असंच धरा. पात्याखाली हात घालू नका आणि तो डबा उघडू नका.

आता माझे चार टाके.

माझ्या मामाची सांगलीकडे हळदीची शेती आहे. त्याच्या पॉवर वीडरची दोरी तुटली. मी तेव्हा थर्ड इयरला, सुट्टीत गेलो होतो. मामा म्हणाला, "तालुक्याला घेऊन जातो, उद्यापर्यंत देतील करून." मी म्हणालो, "मामा, मी आहे ना. मशीन डिझाइन शिकलोय आम्ही." व्हिडिओ बघत बघत कव्हरचे स्क्रू काढले, मधला बोल्ट काढला आणि पुली सरळ वर उचलली. पुढचं काही दिसलंच नाही. फट्ट असा आवाज, आणि दीड-दोन मीटरची पोलादी पट्टी ओसरीभर पसरलेली. अंगठा आणि तर्जनीमधली कातडी उघडली होती. चष्म्याच्या काचेवर एक लांब ओरखडा. तो ओरखडा मी आजही लोकांना दाखवतो, कारण चष्मा नसता तर तो कुठे पडला असता हे वेगळं सांगायला नको.

मामाने फडकं बांधलं आणि दवाखान्यात नेताना एकच वाक्य बोलला, "आरं, शिकलायस ते ठीक आहे, पण त्या स्प्रिंगला कुठं ठाऊक हाय?"

आणि ही रिकॉइलची स्प्रिंग होती. नुसती दोरी गुंडाळणारी, अंगाने बारीक. चावीच्या स्टार्टरमधली तिच्या कितीतरी पट ताकदीची असते.

नंतर तालुक्याच्या मेकॅनिकने तेच काम माझ्यासमोर केलं. आधी जाड हातमोजे. दोरी थोडी बाहेर ओढली, पुलीच्या कडेला असलेल्या खाचेत अडकवली आणि पुलीवर अंगठा दाबून ती सावकाश, एकेक फेरा करत उलटी सोडली. स्प्रिंगमध्ये काहीच ताण उरला नाही, तेव्हाच बोल्टला हात लावला. पुली उचलतानाही आधी जरा हलवून स्प्रिंग डब्यातच राहते का ते बघितलं. एवढंच. मी बघितलेल्या व्हिडिओत हा भाग कापलेला होता, कारण तो कंटाळवाणा होता.

जिथे आजही स्प्रिंगच लागते

इथपर्यंत वाचून वाटेल की हा एक जुना, धोकादायक, संपलेला प्रकार आहे. पण डिझेल इंजिनांच्या जगात स्प्रिंग स्टार्टर आजही नवे बनतात आणि विकले जातात.

जहाजावरची लाइफबोट आठवा, ती केशरी रंगाची बंद होडी. तिच्यात छोटं डिझेल इंजिन असतं. जहाज बुडतंय, वीज गेली आहे, माणसं आत बसली आहेत, होडी पाण्यात पडली आहे. आता इंजिन सुरू होऊन होडी जहाजापासून लांब गेलीच पाहिजे. इथे बॅटरी उतरलेली निघाली तर?

म्हणून जीवरक्षक साधनांचा जो आंतरराष्ट्रीय कोड आहे, १ जुलै १९९८ पासून लागू असलेला, तो सांगतो की लाइफबोटच्या इंजिनला एक तर हाताने सुरू करायची सोय हवी, किंवा एकमेकांवर अवलंबून नसलेले, पुन्हा भरता येणारे ऊर्जेचे दोन स्रोत हवेत. आणि उणे १५ अंश सेल्सिअस तापमानातही प्रयत्न सुरू केल्यापासून २ मिनिटांत इंजिन चालू झालं पाहिजे. थंडीत बॅटरीचं काय होतं हे डिसेंबरात मनाली-लडाखला फोन घेऊन गेलेल्यांना विचारा. पोलादाला तितकीशी थंडी वाजत नाही.

जहाजाच्या इमर्जन्सी जनरेटरचंही असंच. वीज गेल्यावर वीज तयार करणारं यंत्र सुरू करायलाच वीज लागली तर काय उपयोग? म्हणून नियमांत सलग तीन वेळा सुरू करता येईल एवढी साठवलेली ऊर्जा मागितली आहे, आणि त्याशिवाय ३० मिनिटांत आणखी तीन प्रयत्नांसाठी दुसरा स्रोत, हाताने सुरू करणं जमत असेल तर गोष्ट वेगळी. हा दुसरा स्रोत म्हणून हाताने पंप मारून तेलाचा दाब साठवणारे हायड्रॉलिक स्टार्टर वापरतात, किंवा स्प्रिंगचे.

या डिझेलच्या स्टार्टरमध्ये बऱ्याचदा घड्याळासारखी पट्टी नसते. खोलगट ताटल्यांसारख्या जाड पोलादी चकत्या एकमेकींवर रचलेल्या असतात. हँडल फिरवलं की या चकत्या दाबल्या जाऊन चपट्या होतात. कळ दाबली की त्या फुलतात आणि त्यांचा सरळ रेषेतला धक्का स्क्रूसारख्या रचनेतून गोल फिरण्यात बदलतो. पुढे एक छोटं दातेरी चाक, ते आधी फ्लायव्हीलच्या दात्यांत नीट बसतं, मगच जोर सुटतो. हा क्रम महत्त्वाचा, नाहीतर दाते तुटतील. चावी भरायची ती सुरू करण्याच्या वेळीच, त्यामुळे 'भरून ठेवलेली आहे का' हा गवतकापणीवाला प्रश्न इथे बराचसा सुटतो. पहिल्या प्रयत्नाला इंजिन लागलं नाही तर पुन्हा भरा. माणसाच्या हातात दम आहे तोवर हा स्टार्टर 'डिस्चार्ज' होत नाही.

माझा कोकणातला एक मित्र मर्चंट नेव्हीत आहे. तो सांगतो की लाइफबोटचं इंजिन दर आठवड्याला किमान ३ मिनिटं चालवून बघायचा नियम आहे, आणि नवख्या पोरांना त्यांचे सीनियर मुद्दाम बॅटरीचं बटण सोडून हँडलने सुरू करायला लावतात. का, तर अंधारात, हलत्या होडीत पहिल्यांदाच ती कळ शोधायची वेळ येऊ नये.

दुसरी जागा म्हणजे जिथे ठिणगी चालत नाही. तेलाचे प्लॅटफॉर्म, गॅसच्या जागा, काही खाणी. इलेक्ट्रिक स्टार्टरच्या मोटरमध्ये आणि स्विचमध्ये बारीक ठिणग्या पडतात. हवेत गॅस असेल तर तेवढं पुरे. स्प्रिंग स्टार्टरमध्ये वीजच नाही. इंजिनची बाकी सुरक्षा वेगळी करावी लागते, पण स्टार्टरची चिंता मिटते.

आपल्या आसपासच्या स्प्रिंगा

तुम्हाला लाइफबोट लागणार नाही, पण महागड्या ब्रश कटरला किंवा चेन सॉला 'इझी स्टार्ट' सारखं काही लिहिलेलं दिसेल. श्टिल कंपनी याला एर्गोस्टार्ट म्हणते. यात नेहमीच्या रिकॉइल स्प्रिंगशिवाय आणखी एक स्प्रिंग असते, दोरीची पुली आणि क्रँकशाफ्ट यांच्या मधे. तुम्ही दोरी हळू ओढली की पिस्टन दाबापाशी अडतो, इंजिन फिरत नाही, पण ही मधली स्प्रिंग आवळत जाते. तिच्यातला जोर दाबापेक्षा जास्त झाला की ती सुटते आणि इंजिनला झपकन फिरवते. म्हणजे १९६० च्या दशकातली तीच चावी, पण प्रत्येक ओढीत आपोआप भरणारी आणि लगेच रिकामी होणारी. भरलेली राहून कोणाची बोटं कापायला ती उरतच नाही. खांद्याचा त्रास असणाऱ्यांनी मशीन घेताना दोन पैसे जास्त द्यावेत, असं माझं मत. मात्र ही दोरी जोरात हिसकायची नसते. सवयीने हिसकणारे लोक मग म्हणतात, फरकच जाणवला नाही.

आणखी एक स्प्रिंग तर विमानात असते. सेसनासारख्या लहान विमानाचा पंखा मेकॅनिक हाताने सावकाश फिरवतो तेव्हा 'टक' असा आवाज येतो, तो मॅग्नेटोच्या इम्पल्स कपलिंगचा. इंजिन हळू फिरत असताना छोटी स्प्रिंग आवळून एकदम सुटते आणि फक्त मॅग्नेटोला झटका देते, म्हणजे इंजिन सावकाश असलं तरी ठिणगी जोरदार. सगळं इंजिन झपकन फिरवण्यापेक्षा नुसता चुंबक फिरवा, ही आयडिया मला भन्नाट वाटते.

आणि सगळ्यात लहान नमुना म्हणजे अमेरिकेच्या कॉक्स कंपनीची खेळण्यातल्या विमानांची इंजिनं. त्यातलं प्रसिद्ध इंजिन जेमतेम ०.८ सीसीचं. पंख्यामागे एक तारेची स्प्रिंग, तिचं टोक पंख्याला अडकवायचं, पंखा उलटा एखादा फेरा फिरवायचा आणि सोडून द्यायचा. बोट वाचतंच, शिवाय अजून एक फायदा. ही इंजिनं अशा बनावटीची, की उलट्या दिशेनेही मजेत सुरू होतात आणि विमान मागे ओढायला लागतात. स्प्रिंग मात्र दर वेळी योग्य दिशेलाच झटका देते.

मेसेजमध्ये नेहमी येणारे दोन प्रश्न

"दादा, घरच्या वीडरला चावीचा स्टार्टर बनवून लावू का? माझ्याकडे जुन्या गाडीची स्प्रिंग आहे." नको. स्प्रिंग मिळेल, पण एका दिशेने पकडणारी क्लच, ताण सहन करणारा डबा आणि स्प्रिंग तुटलीच तर तुकडे अडवणारं आवरण हे वेल्डिंगच्या दुकानात अंदाजाने होत नाही. कॉलेज प्रोजेक्ट करायचं असेल तर गाइडना सोबत घ्या, आणि पहिली चाचणी इंजिनवर नको, नुसत्या फ्लायव्हीलवर घ्या, मधे जाळी लावून.

"दोरी खूप जड झाली आहे, स्प्रिंग गेली असेल का?" बहुतेक वेळा नाही. दोरी परत आत जात नसेल तर स्प्रिंग किंवा पुली बघा. दोरी ओढायलाच जड असेल तर आधी प्लग काढून ओढून पाहा. प्लग काढल्यावर हलकी झाली, तर स्टार्टर ठीक आहे आणि अडचण सिलिंडरच्या बाजूला आहे: दाब कमी करणारा व्हॉल्व्ह काम करत नसेल किंवा सिलिंडरमध्ये तेल-पेट्रोल साचलं असेल. म्हणून प्लग काढून ओढताना तोंड प्लगच्या भोकासमोर धरू नका, आतलं पेट्रोल पिचकारीसारखं बाहेर येतं. प्लगची वायर भोकापासून लांब ठेवा, नाहीतर तिथे पडलेली ठिणगी त्या फवाऱ्याला पेटवू शकते. प्लग काढूनही जड असेल, तर मग कव्हर, पुली आणि स्प्रिंग.

आणि कव्हर उघडायचं ठरलंच, तर हातमोजे, चष्मा, आणि बोल्टला हात लावायच्या आधी दोरी खाचेत अडकवून ताण पूर्ण सोडणं. मामाच्या वीडरचं कव्हर हल्ली मीच उघडतो. मामा तेवढा वेळ ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो.